जनरलपदाची वाट पाचवीच्या वर्गातून

सैन्यदलांच्या अलीकडच्या तीन मराठी प्रमुखांच्या सेवेतल्या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. जनरल मनोज नरवणे जून १९८० मध्ये शीख लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी झाले आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी लष्करप्रमुख. जनरल मनोज पांडे डिसेंबर १९८२ मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये आले आणि ३० एप्रिल २०२२ रोजी त्याच पदावर बसले. इंजिनिअर्समधून लष्करप्रमुख झालेले ते पहिले अधिकारी. एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचे मूळ गाव नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातले. ते डिसेंबर १९८२ मध्ये हवाई दलात आले आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी हवाई दलप्रमुख झाले. तिघांनाही शिखर गाठायला एकोणचाळीसच्या आसपास वर्षे लागली, तिघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) आले आणि तिघांच्याही खांद्यावर तारा चढला तेव्हा त्यांचे वय वीस होते. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो, हे लक्षात घेतले की या तारखांचा अर्थ उलगडतो. हीच माणसे पंचविसाव्या वर्षी कमिशन घेऊन आली असती, तर तेवढ्याच कर्तबगारीने त्या पदाच्या दारात पोहोचेपर्यंत त्यांची निवृत्ती होऊन गेली असती. उच्च लष्करी पदांविषयी आपण बोलतो ते शौर्य, नेतृत्व आणि त्याग यांच्या भाषेत. ते गुण लागतातच. पण त्यांच्या आधी लागतो तो वेळ, आणि तो वेळ कोणाच्या वाट्याला येणार हे बहुतेकदा शाळकरी वयातच ठरून जाते. बीडसारख्या जिल्ह्यातून जवान भरतीला पोरांची रीघ लागते, पण अधिकारी मोजकेच का निघतात, या प्रश्नाचे मुख्य उत्तर मला याच हिशेबात दिसते.

हा हिशेब नीट समजण्यासाठी बढतीची रचना पाहावी लागते. कमिशन मिळाल्यावर अधिकारी लेफ्टनंट होतो. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल या बढत्या सेवाकालावर मिळतात. ठरलेल्या परीक्षा आणि अटी पूर्ण केल्या की बहुतेकांना तिथवर पोहोचता येते. खरी चाळणी त्यानंतर लागते. लेफ्टनंट कर्नलचा कर्नल करायचा की नाही हे तिसऱ्या क्रमांकाचे निवड मंडळ ठरवते, ब्रिगेडियरसाठी दुसऱ्या क्रमांकाचे मंडळ बसते, मेजर जनरलसाठी पहिल्या क्रमांकाचे आणि लेफ्टनंट जनरलसाठी विशेष निवड मंडळ. प्रत्येक पायरीवर जागा झपाट्याने कमी होतात आणि गोपनीय अहवाल, कठीण भागातली सेवा, पलटणीचे नेतृत्व, लष्करी अभ्यासक्रमांतली कामगिरी असे सगळे तोलले जाते. शिवाय प्रत्येक हुद्द्याला निवृत्तीचे वय बांधलेले आहे: कर्नल चोपन्न, ब्रिगेडियर छप्पन्न, मेजर जनरल अठ्ठावन्न, लेफ्टनंट जनरल साठ. पुढची पायरी त्या वयाच्या आत चढता आली नाही, तर माणूस कितीही लायक असला तरी त्याची वाट तिथेच संपते. लष्करप्रमुखाला बासष्ट वर्षे वय किंवा तीन वर्षे कार्यकाळ यांपैकी जे आधी येईल तेवढी मुदत मिळते, पण त्यासाठी त्याला साठीच्या आत निवडले जावे लागते. कर्नलपदाची निवड सेवेच्या साधारण पंधराव्या ते सतराव्या वर्षी होते आणि जनरल हुद्द्यांची पाळी सेवेची तीस वर्षे ओलांडल्यावर येते. विसाव्या-बाविसाव्या वर्षी आलेल्याला हा सगळा रस्ता चालायला पुरेशी वर्षे मिळतात. अठ्ठाविसाव्या वर्षी आलेल्याला ती मिळत नाहीत.

या रस्त्यावर शिक्षण कधी थांबत नाही, हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. एनडीएत तीन वर्षे काढणाऱ्या कॅडेटला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. मग लष्करात जाणारा एक वर्ष डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत (आयएमए) घालवतो. पलटणीत गेल्यावर तरुण अधिकाऱ्यांचा आपापल्या शाखेचा अभ्यासक्रम, पुढे ‘पार्ट बी’ आणि ‘पार्ट डी’ या बढतीच्या परीक्षा, मग महूच्या आर्मी वॉर कॉलेजमधला ज्युनिअर कमांड कोर्स. इंजिनिअर्सचा अधिकारी पुण्यात दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये अभियांत्रिकी शिकतो. त्यानंतर येते वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजची स्पर्धा परीक्षा. तिथला अभ्यास पुरा करणाऱ्याला मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळते आणि पुढच्या निवड मंडळांपुढे त्या वर्षाचे वजन मोठे असते. या स्टाफ कॉलेजचे मूळ महाराष्ट्रातच आहे: १९०५ मध्ये ते देवळालीला सुरू झाले, १९०७ मध्ये क्वेट्ट्याला गेले आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याची संस्था वेलिंग्टनला उभी राहिली. कर्नल झाल्यावर महूचा हायर कमांड कोर्स किंवा सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम, आणि ब्रिगेडियर झाल्यावर १९६० मध्ये स्थापन झालेले दिल्लीचे नॅशनल डिफेन्स कॉलेज. जनरल नरवणे यांच्या नावापुढे संरक्षणशास्त्रातली एम.ए. आणि एम.फिल. या पदव्या आहेत, त्या याच वाटेवर मिळालेल्या. थोडक्यात, मेजर जनरल झालेला माणूस आयुष्यातली कित्येक वर्षे वर्गात बसून, प्रबंध लिहून आणि परीक्षा देऊन तिथे आलेला असतो. ज्याला दहावीनंतर पुस्तकाची धास्ती बसली त्याच्यासाठी ही वाट नाही, आणि शाळेचा पाया कच्चा राहिला तर त्याची किंमत पुढे तीस वर्षे मोजावी लागते.

आता प्रवेशाची दारे पाहू. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा नऊशे गुणांची असते. त्यांत तीनशे गणिताचे आणि सहाशे सामान्य क्षमता चाचणीचे, आणि त्या सहाशेतले दोनशे इंग्रजीचे. तेवढेच नऊशे गुण एसएसबीच्या (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या) पाच दिवसांच्या मुलाखतीला असतात. पदवीनंतर सीडीएसची (कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेसची) परीक्षा देऊन चोविशीपर्यंत आयएमएत आणि पंचविशीपर्यंत चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत जाता येते. पण चेन्नईतून मिळणारे कमिशन मुळात दहा वर्षांचे, वाढवले तर चौदा वर्षांचे. वरच्या हुद्द्यांसाठी ते कायम व्हावे लागते. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधराला लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बसण्याची खास सोय आहे. आणि जवानासाठी दार आहे ते आर्मी कॅडेट कॉलेजचे. १९६० मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि १९७७ मध्ये डेहराडूनला गेलेली ही संस्था किमान दोन वर्षे नोकरी झालेल्या, बारावी उत्तीर्ण, वीस ते सत्तावीस वयाच्या जवानांना घेते. तिथे तीन वर्षे आणि आयएमएत एक वर्ष झाले की तो अधिकारी होतो. ही व्यवस्था लष्कराच्या मोठेपणाची आहे, कारण शिपायाच्या गणवेशातून अधिकाऱ्याच्या गणवेशात जायचा रस्ता ती उघडा ठेवते. पण हिशेब इथेही सुटत नाही. विसाव्या वर्षी निवडलेला जवान चोविसाव्या वर्षी अधिकारी होईल आणि त्याच्यापुढे वरचा रस्ता बऱ्यापैकी मोकळा असेल. सत्ताविसाव्या वर्षी निवडलेला एकतिसाव्या वर्षी होईल, आणि कर्तबगारीत कुठेही कमी नसताना त्याची सेवा कर्नलपदाच्या आसपास संपण्याचीच शक्यता जास्त.

बीडच्या मातीला सैन्याचा वारसा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला ते राक्षसभुवन याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. अंबाजोगाई मोमिनाबाद म्हणून ओळखली जाई तेव्हा तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचा तळ होता. १९०३ मध्ये हा कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाला आणि त्याच्या घोडदळातून पुढे डेक्कन हॉर्स ही पलटण घडली. १९६५ च्या युद्धात या पलटणीचे नेतृत्व केले ते अलिबागला जन्मलेल्या अरुणकुमार वैद्य यांनी. त्यांना तिथे महावीरचक्र मिळाले, १९७१ मध्ये दुसऱ्यांदा मिळाले आणि १९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. म्हणजे बीड जिल्ह्याशी दूरचे का होईना नाते सांगणारी पलटण एका लष्करप्रमुखाला घडवून गेली, पण जिल्ह्याच्या लेकरांपर्यंत ती परंपरा झिरपली नाही. याला कारण इतिहासात आहे. इंग्रजांनी मराठा पलटणींसाठी सातारा, कोल्हापूर आणि कोकण हे पट्टे पक्के केले. बीड निजामाच्या राज्यात होते; तिथल्या माणसाला ना त्या पलटणींचे दार जवळचे, ना मातृभाषेतल्या शिक्षणाची सोय पुरेशी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपेपर्यंत ही स्थिती राहिली आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडावे लागले. तिकडे कोल्हापूर संस्थानातले शंकरराव थोरात पुण्याच्या महाविद्यालयातून सँडहर्स्टला पोहोचून १९२६ मध्ये अधिकारी झाले आणि १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीनच्या धोक्याचा इशारा वेळेवर देणारे सेनानी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. या दोन प्रदेशांतल्या पोरांत अंगभूत फरक काही नव्हता. फरक पडला तो शाळा आणि माहिती आधी पोहोचली की नाही याचा.

साताऱ्याच्या गावागावांत निवृत्त सुभेदार, हवालदार भेटतात. पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस माणसे गमावलेल्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आले. तिथल्या मुलाला सैन्याची भाषा घरातच ऐकू येते. बीडमध्ये ही ओळख मागच्या दोन-तीन पिढ्यांत तयार झाली, आणि ती झाली प्रामुख्याने जवान भरतीच्या वाटेने. आष्टीला लागून असलेल्या नगरला आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. बीड जिल्हा पुण्याच्या सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज या तालुक्यांतली मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. भरती अकॅडम्या निघाल्या आहेत आणि त्यांतून मैदानी चाचणीची उत्तम तयारी होते. या मेहनतीविषयी आदरच वाटला पाहिजे. पण तिची दिशा पाहिली की जाणवते, ती सगळी सतरा-अठरा वर्षांनंतर सुरू होणारी तयारी आहे आणि तिचे लक्ष्य शिपाईपद हेच आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून तर त्या दारातून आत गेलेल्याला चार वर्षांची सेवा मिळते आणि त्यांतल्या कमाल पंचवीस टक्क्यांना पुढे कायम केले जाते. ज्या घराने सैन्याकडे आयुष्यभराचा आधार म्हणून पाहिले, त्या घरासाठी हा बदल मोठा आहे. अशा वेळी जिल्ह्याची सगळी महत्त्वाकांक्षा एकाच दारापुढे रांगेत उभी राहणे शहाणपणाचे नाही.

उशिरा तयारी होण्याचे मूळ शाळेत आहे आणि शाळेच्या अडचणीचे मूळ उसाच्या फडात. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. त्यांच्याबरोबर पोरे जातात किंवा आजी-आजोबांकडे राहतात. हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहे ही या दुखण्यावरची योग्य औषधे आहेत, पण पाचवी-सहावीतल्या मुलाचे गणित दरवर्षी चार-पाच महिने तुटत राहिले तर पुढे एनडीएचे तीनशे गुण कशाच्या बळावर मिळवायचे? म्हणूनच बीडच्या लेकरांसाठी सर्वांत महत्त्वाची माहिती ही आहे की, सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला मराठी माध्यम उपलब्ध आहे आणि तिच्या तीनशे गुणांतले दीडशे गणिताचे आहेत. हीच परीक्षा नववीसाठी द्यायची झाली तर ती इंग्रजीतच द्यावी लागते. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजमध्ये आठवीसाठी प्रवेश मिळतो, पण तिथल्या परीक्षेची भाषा इंग्रजी किंवा हिंदी. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलासाठी हे दार दहाव्या-अकराव्या वर्षी त्याच्या स्वतःच्या भाषेत उघडते आणि तेराव्या वर्षापर्यंत त्या भाषेत बंद होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी चौथी-पाचवीच्या मुलाकडून शिष्यवृत्तीची आणि गेवराई तालुक्यातल्या गढीच्या नवोदय विद्यालयाची तयारी करून घेतो, तेव्हा अंकगणित आणि बुद्धिमत्तेचा तोच अभ्यास सैनिक स्कूललाही चालतो. वेगळा खर्च नाही, वेगळी अकॅडमी नाही. लागते ते फक्त आणखी एका अर्जाचे भान.

राज्यात यासाठी उभ्या असलेल्या संस्थांची मालिका तुटक असली तरी बरीच आहे. देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्याला सुरू झाले. चंद्रपूरचे २०१९ मध्ये आले. २०२१ मध्ये केंद्राने खासगी संस्था आणि राज्यांच्या भागीदारीत शंभर नवी सैनिक स्कूल्स उभारण्याचे ठरवले. राज्याच्या धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या सैनिकी शाळा या त्यांच्याहून वेगळ्या आहेत. त्यांचा दर्जा आणि निकाल सारखा नाही, आणि पालकांनी नावावर न जाता एनडीएत किती मुले गेली हे विचारूनच निर्णय घ्यावा. बीडला सगळ्यांत जवळची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची संस्था म्हणजे छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट. महाराष्ट्रातून अधिकारी कमी जातात या जाणिवेतून राज्य शासनाने ती १९७७ मध्ये काढली. दहावीनंतर राज्यभरातून परीक्षा आणि मुलाखतीने मुले निवडून, अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत त्यांना एनडीए आणि एसएसबीसाठी घडवणे हे तिचे काम. सीडीएस किंवा एनडीएची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना एसएसबीची तयारी विनामूल्य करून देणारे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिकला आहे. दुर्दैव असे की या संस्था सरकारी आहेत म्हणून त्यांची जाहिरात होत नाही, आणि गावागावांत फलक लागतात ते खासगी अकॅडम्यांचे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या, आणि बालविवाहाचे दुखणे आजही पुरते हटलेले नाही. त्याच काळात सैन्याची दारे मुलींसाठी उघडत गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा आणि कमांडचा हक्क मान्य केला. ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींसाठी खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली तिथून बाहेर पडल्या. २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठी स्वतंत्र सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट सुरू झाली. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून आल्या आणि २०२० मध्ये तीन ताऱ्यांच्या हुद्द्यावर पोहोचणाऱ्या देशातल्या तिसऱ्या महिला ठरल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीपुढे लग्नाखेरीज दुसरा ठोस, प्रतिष्ठेचा आणि खर्च न लावणारा रस्ता ठेवता येणे, हे बीडसारख्या जिल्ह्यात सैनिकी प्रश्नाहून मोठे सामाजिक काम आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की जवानाचे काम काय कमी मोलाचे, सगळ्यांनी जनरल होण्याची स्वप्ने का पाहावीत? आक्षेपातली भावना मला पूर्ण मान्य आहे. सीमेवर उभा राहणारा शिपाई आणि पलटणीचा कणा असलेला सुभेदार यांच्याशिवाय जनरलच्या नकाशाला काही अर्थ नाही. पण शिपाईपणाचा मान राखणे वेगळे आणि एका जिल्ह्याच्या पोरांना शिपाईपणापलीकडचे काही ठाऊकच नसणे वेगळे. ज्याने सगळ्या वाटा पाहून जवान होणे निवडले त्याच्या निवडीला माझा सलाम आहे. ज्याला दुसरी वाट कोणी दाखवलीच नाही त्याच्याबाबतीत समाज म्हणून आपण उणे पडलो. आणि जो जवान झाला त्यालाही पहिल्या दोन वर्षांतच आर्मी कॅडेट कॉलेजची माहिती आणि बारावीचा पक्का पाया मिळाला, तर त्याचीही वर्षे वाचतात. दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: सैन्य हे राष्ट्राचे असते, तिथे जिल्ह्याजिल्ह्याचे जनरल मोजायचे कशाला? मोजू नयेच. कोणत्याही निवड मंडळाने जनरलचे गाव पाहू नये आणि जिल्ह्यासाठी राखीव जागा मागणे तर सर्वस्वी चूक ठरेल. माझी मागणी मंडळाच्या अलीकडची आहे. परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचण्याची संधी पुणे-नागपूरच्या आणि सैनिकी कुटुंबांच्या मुलांना घरबसल्या मिळते. नरवणे यांचे वडील हवाई दलात अधिकारी होते आणि त्यांची शाळा पुण्याची ज्ञानप्रबोधिनी. त्यांच्या गुणवत्तेला याने तसूभरही उणेपणा येत नाही, पण माहिती घरात असणे म्हणजे काय हे त्यातून कळते. लष्करात हजारो अधिकाऱ्यांची कमतरता असल्याचे संरक्षण मंत्रालयाने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. तेव्हा गुणवत्तेचा शोध जितका दूरवर जाईल तितके ते सैन्याच्याच हिताचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: खेड्यातल्या, मराठी शाळेतल्या पोराला ते इंग्रजी आणि ते गणित जमायचे नाही. याचे उत्तर बीडच्या शेजारीच आहे. लातूर पॅटर्नने गेल्या काही दशकांत मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या स्पर्धेत राज्यभर आघाडीवर नेले. अंबाजोगाई, केज, परळीची मुले अकरावीला लातूर गाठतात आणि राष्ट्रीय पातळीवरची नीट उत्तीर्ण होतात. त्याच नीटच्या गुणांवर पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाचेही दार उघडते, पण तिकडे अर्ज करण्याचा विचार किती घरांत होतो? ऊसतोड मजुरांच्या मुलांनी राज्यसेवेत मिळवलेल्या पदांच्या बातम्या आपण अभिमानाने वाचतो. बुद्धी आणि चिकाटी यांचा पुरावा यापेक्षा वेगळा काय हवा? फरक इतकाच की एमपीएससीची वाट पदवीनंतर धरली तरी चालते, आणि एनडीएची खिडकी एकोणिसाव्या वर्षी मिटते. गुणवत्ता तीच असून एका परीक्षेत यश मिळते आणि दुसरीत नाव दिसत नाही, तेव्हा दोष शोधायचा तो वेळापत्रकात. अखेरचा आक्षेप व्यवहारी आहे: एनडीएच्या एका तुकडीत देशभरातून चारशेच्या आसपास जागा, मग बीडच्या हजारो मुलांनी त्यामागे का धावावे? त्यावर एवढेच म्हणतो की ही तयारी वाया जाणारी नाही. पाचवीत पक्के झालेले गणित, आठवीत आलेले इंग्रजी, सुदृढ शरीर, वर्तमानपत्र वाचायची सवय आणि चारचौघांत विचार मांडायचे धाडस एनडीएत न गेलेल्यालाही अभियंता, शिक्षक, वैमानिक किंवा उत्तम शेतकरी व्हायला उपयोगी पडते. भरतीच्या मैदानासाठी केलेली वर्षभराची धाव मात्र मेरिट लागले नाही तर हातात फारसे काही ठेवत नाही.

म्हणून करायचे काम छोटे आणि नेमके आहे. जिल्हा परिषदेने शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या तयारीत सैनिक स्कूलच्या परीक्षेचा समावेश करावा आणि हंगामी वसतिगृहांतली मुले त्यातून सुटणार नाहीत याची जबाबदारी घ्यावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने माजी सैनिकांच्या मदतीने प्रत्येक तालुक्यात आठवी आणि दहावीच्या मुलामुलींना वर्षातून एकदा तरी संभाजीनगर आणि नाशिकच्या संस्थांची माहिती द्यावी. महाविद्यालयांनी एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राकडे शोभेची गोष्ट म्हणून पाहू नये. ते अधिकारी होण्याचे एक दार आहे. भरती अकॅडम्यांनी पहाटेच्या धावण्याला संध्याकाळच्या गणिताची आणि इंग्रजीची जोड द्यावी, आणि निवड झालेल्या प्रत्येक जवानाला आर्मी कॅडेट कॉलेजच्या अटी आणि वयोमर्यादा सांगूनच निरोप द्यावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. आज बीडच्या एखाद्या शाळेत पाचवीत बसलेली मुलगी २०३७ च्या आसपास अधिकारी होऊ शकते आणि २०७० नंतर सैन्याच्या सर्वोच्च वर्तुळात निर्णय घेऊ शकते. इतक्या लांबच्या फळासाठी आजच झाड लावायचे की नाही, हे ठरवणे आपल्या हातात आहे. आणि ते पाचवीचे वर्ष संपायच्या आत ठरवावे लागेल.